घळीतले टोमॅटो

१

खंडू चौकीदाराची खोली कड्यासकट खाली गेली, तेव्हा कोंढारवाडीत दिवाळीनंतर पावसाचा टिपूसही पडला नव्हता.

तलाव आटून पार पोटाशी गेला होता. काठ आणि पाणी यांच्यामधल्या गाळात लोकांनी काकड्या लावल्या होत्या. म्हणजे लाटांनी कडा खाल्ला म्हणावं, तर लाटांना तिथवर यायला रिक्षा करावी लागली असती. पाऊस नाही, लाट नाही. मग उरला माणूस. आणि माणूस गावाला लगेच सापडला, कारण तो आधीपासूनच तयार होता. गोरक्ष जेसीबीवाला. मागे दोनदा मुरूम चोरताना धरलेला. कड्याच्या पायथ्याशी जेसीबीच्या बकेटचे दात उमटलेले, ढिगाऱ्याखाली खंडू मेलेला. आता आणखी काय पाहिजे?

"स्वरूपा, तुझ्या भावाला नेला गं," गवराबाईचा फोन आला. "उद्या कोडतात हुबा करनार म्हनं. मानूस मारल्याचं कलम लावत्यात. तू मातीची सायबीन ना? मंग ये, अन् मातीलाच इचार."

स्वरूपा देशमाने सांगवीत राहायची. जलसंधारण खात्यात उभी नोकरी बांध, नाले आणि घळी बघण्यात गेली, मग एक दिवस तिने स्वतःहून निवृत्ती घेतली. नवरा म्हणायचा, तुला माणसांपेक्षा माती बरी वाटते. ती म्हणायची, माती मध्ये बोलत नाही. गवराबाई तिच्या आईची मावसबहीण, म्हणून मावशी. मावशीच्या या गोरक्षला स्वरूपाने लहानपणी कडेवर खेळवलं होतं. त्यामुळे चाकणच्या वाटेवर, कंटेनरच्या रांगेत अडकलेली असताना, तिच्या मनात जो विचार आला त्याची तिला लाज वाटली. विचार असा होता की, केलं असेल त्याने.

फौजदार गणराज तरुण होता, पण भला. "मॅडम, तुमचा भाऊ आहे म्हणून दाखवतो. तुम्हीच बघा."

कडा एखाद्या पावासारखा कापला गेला होता. वर मुरूम, खाली पिवळसर चिकणमाती. पायथ्याशी ढिगारा, आणि ढिगाऱ्यात बकेटच्या दातांचे लांब लांब ओरखडे.

"हे दात. पायथा पोखरला, वरचं खाली आलं. सरळ केस आहे."

स्वरूपा उकिडवी बसली. ओरखड्याच्या कडेला हिरवा पट्टा दिसत होता. तिने बोटांनी माती बाजूला केली. गालिच्यासारखं कातरलेलं गवत, दातांनी उभं फाडलेलं.

"फौजदार, असली हिरवळ इथे पायथ्याला उगवते?"

"छे. ती वरची. साहेबांच्या फार्महाउसचं लॉन."

"मग वरची हिरवळ खाली आल्यावरच तिला हे दात लागले ना? आधी कडा पडला. जेसीबी नंतर आला."

गणराज तिच्याकडे, मग ओरखड्यांकडे बघत राहिला. स्वरूपाला जरा बरं वाटलं. पण तो पोलीस होता, आणि पोलिसाचं डोकं पोलिसासारखंच चालतं.

"म्हणजे मॅडम," तो हळूच म्हणाला, "माणूस खाली गाडला गेलाय हे माहीत असताना तो वरून माती उकरत होता. काय काढायचं होतं त्याला?"

२

गोरक्ष कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, शर्टावर पिवळी माती.

"ताई, तू कशाला आलीस?"

"तुझी आई भाकरी खात नाही म्हणून आले. काय झालं ते सांग."

"काय सांगायचं? मुरूम चोरत होतो. कडा पडला."

"कुठून काढत होतास?"

"पायथ्यातनं."

"आणि भरायला डंपर?"

डंपर नव्हता. मुरूम चोरायला कुणी नुसता जेसीबी घेऊन जात नाही. शेंगा चोरायला जाताना पिशवी विसरावी, तसं ते झालं असतं.

"गोऱ्या, मागच्या दोन्ही वेळेला तू मुरमाच्या ढिगावर बसून म्हणाला होतास, हा ढीग माझा नव्हेच. आणि आज न केलेली चोरी कबूल करतोस?"

"केली की! म्हणतोय ना, केली!" तो ओरडला. मग आवाज उतरला. "ताई, एक कर. आईची मोटार बंद आहे ना, तेवढं बघ. आणि स्टार्टरवरचा आटोचा खटका काढून टाक म्हणावं."

"माणूस मेलाय आणि तुला मोटारीची पडलीय?"

त्याने मान फिरवली. ती निघाली तेव्हा तो भिंतीशीच बोलल्यासारखा पुटपुटला, "म्हातारी हाय ती. तिला कुनी काय इचारू नका."

हा कुणाला तरी पाठीशी घालत होता, आणि कुणाला ते आता तिला कळलं होतं.

३

गवराबाईचं घर घळीच्या अलीकडे. घळीच्या पलीकडे दादासाहेबांचं 'जलतरंग' फार्महाउस, आणि त्याच्या कोपऱ्यावर, अगदी घळीच्या तोंडाशी, खंडूची खोली होती. आता तिथे आभाळ होतं.

"बस. आदी दोन घास खा," गवराबाई म्हणाली. "भुकेल्या पोटी कायदा सुचत न्हाई."

भाकरी होती, आणि लालभडक टोमॅटोची चटणी. लसूण सढळ हाताने घातलेला.

"मावशी, टोमॅटो परवडतात का गं सध्या?"

"इकत कोन आनतंय? फुकाट हायती. घळीत रग्गड आल्यात, देवानं लावल्यावानी. मी न्हाई लावली, कुनीच न्हाई लावली." ती अंगणाकडे वळून ओरडली, "ए सटवे, पी की पानी!"

अंगणात चार इंची पाइप उभा चिरून शेळ्यांसाठी पन्हाळ केली होती. पन्हाळीत पाणी काठोकाठ होतं. शेळ्या हुंगत होत्या, शिंकत होत्या आणि मागे सरत होत्या.

"दोन दीस झालं, तोंड लावीनात. चांगला पाइप वाया."

"नवीन आणलास?"

"आनतीय कशाला! गोऱ्यानं आनून टाकला त्या दिशी सकाळी. खानीत टाकायला निघाला व्हता मुडदा. मी म्हनलं, असला बेस पाइप कुनी टाकून देतं व्हय? शेजारच्या पोराकडनं चिरून घेतला."

स्वरूपाचं लक्ष मात्र दुसऱ्या पाइपावर होतं. तलावाच्या डबक्यातून शेतावर जाणारा, सांध्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेला. पट्ट्या नव्या होत्या. खालची जमीन ओली.

शेतीची वीज इथे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला कोण उठणार? म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला आटो बसवलेला. वीज आली की मोटार आपोआप सुरू होणार. माणूस झोपेत, पाणी जागं.

"मावशी, कडा पडला त्या रात्री मोटार चालू होती?"

गवराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "सकाळी बगितलं तर सांदा सुटल्याला. रातभर पानी भकाभका वाहिलं. गोऱ्यानंच बंद केली." मग एकदम तिच्याकडे रोखून बघत, "का गं? का इचारतीस?"

स्वरूपा उठली. तिची खात्री होती की ओल घळीकडे गेली असणार. गेली असेल तर संपलंच, भावाला सोडवायला येऊन मावशीला अडकवल्यासारखं होईल. ती ओलीच्या मागोमाग वाकून चालत राहिली. ओल बांधावरून वळली, जरा रेंगाळली, आणि उताराने कड्यापासून लांब, शेजाऱ्याने म्हशींसाठी लावलेल्या घासात शिरली. तिथला गुडघाभर घास तरारून डोलत होता.

तिने कंबरेवर हात ठेवून श्वास सोडला. मावशीच्या पाण्याने शेजाऱ्याच्या म्हशींचं भलं झालं होतं, एवढाच गुन्हा. पण गोरक्षला हे माहीत नव्हतं. त्याने नुसती चालू मोटार बघितली होती.

आणि त्याला मोटारीचा अर्थ कुणीतरी समजावून सांगितला होता.

४

"या, या, ताई! चहा की सरबत?" दादासाहेबांच्या बोटांत अंगठ्या आणि आवाजात दुःख, दोन्ही मोजूनमापून. "खंडू म्हणजे घरातलाच माणूस हो. त्याच्या गावी पैसे पाठवलेत मी. पण या मुरूमचोरांना कुणीतरी आवर घालायला पाहिजे."

स्वरूपा चहा घेत इकडेतिकडे बघत होती. शनिवार-रविवारी इथे हिंजवडीची, तळवड्याची आयटीतली पोरं यायची. गाणी, पोहणं, कोंबडी. तलाव नीट दिसावा म्हणून काठावरची बाभळ, निरगुडी, करंज सगळं साफ केलं होतं. जिथे मुळं माती धरून होती तिथे आता लॉन होतं. दिसायला छान, धरायला काहीच नाही.

"झाडं तोडली की कडा मोकळा पडतो, दादासाहेब."

"परवानगी आहे ताई, कागद दाखवू?"

कागद तिला नको होते. तिचं लक्ष फरशीकडे गेलं होतं. कड्याच्या बाजूची फरशी अर्धी तुटून खाली गेली होती. उरलेल्या अर्ध्या भागात कड्याला समांतर, लांबच लांब सिमेंटच्या रेषा. भेगा भरून वरून फरशीच्या रंगाचा हात दिलेला. पहिल्या भरणीला पुन्हा तडा गेलेला, त्यात दुसरी भरणी.

तिथेच एक काँक्रीटचा चौथरा होता, त्यावर चार बोल्ट आणि ऑइलचे काळे डाग. चौथरा रिकामा.

"इथे काय होतं?"

"जनरेटर. हलवला. आवाजाचा पाहुण्यांना त्रास व्हायचा."

जनरेटर आता बंगल्याच्या मागे होता. स्वरूपा तिथे गेली. बरोबर त्याच्या डोक्यावर पाहुण्यांच्या झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या. तिने मागे वळून बघितलं. आचारी भिवा दारात उभा होता. खंडूच्याच गावचा, मराठवाड्यातला. डोळे सुजलेले.

"भिवा, आवाज इथे कमी येतो होय रे?"

"कशाचा कमी, बाई? पाहुणे दर वेळी शिव्या घालायलेत." त्याने मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खंड्या महिनाभर म्हणत होता, खोलीचं दार लागंना. चौकटीत अडकतंय. मालकांनी सुतार धाडून दार तासून, रंधून दिलं. मग लागायलं."

"दार रंधून दिलं?"

"हाव. दार रंधलं, बाई. खोलीकडं कुणी बघितलं न्हाई."

स्वरूपाने घळीकडच्या टाकीच्या झाकणाकडे बोट केलं. "आणि इथली मैल्याची टाकी उपसायला टँकर कधी येतो?"

भिवाने पुन्हा एकदा मागे बघितलं. मग म्हणाला, "म्या दोन वर्सं झाली इथं. टँकर म्या बघितला न्हाई."

स्वरूपा घळीत उतरली. तोंडाशी अरुंद, खाली रुंद, दोन्ही काठ नुकतेच खचलेले. अशा घळी माथ्याकडे सरकत जातात, पाणी मिळेल तसतशा. पण एप्रिलमध्ये हिला पाणी पाजलं कुणी? घाणेरीची वाळकी झुडपं बाजूला केली आणि ती थबकली. सगळा तलावकाठ करपलेला, आणि इथे मुरूम जिथे चिकणमातीला भेटतो त्या रेषेवर हिरवागार पट्टा. वास दबका, ओळखीचा. आणि पट्ट्यात वरपासून खालपर्यंत, फळांनी लगडलेली टोमॅटोची रोपं.

मी न्हाई लावली, कुनीच न्हाई लावली.

स्वरूपाला एकदम दोन गोष्टी कळल्या. पहिली, खंडू कशाने मेला. दुसरी, आज दुपारी तिने कसली चटणी खाल्ली.

५

संध्याकाळी गणराजने सगळ्यांना फार्महाउसच्या उरलेल्या फरशीवर बोलावलं, कड्यापासून लांब. गोरक्षला जीपमधून आणलं होतं. गवराबाई त्याच्याकडे बघत नव्हती, तो तिच्याकडे बघत नव्हता.

"टोमॅटो," स्वरूपाने एक फळ टेबलावर ठेवलं. "घळीत रानभर आलेत. कुणी लावले?"

"पक्ष्यांनी," दादासाहेब हसले. "ताई, माणूस मेलाय. आणि तुम्ही भाजी निवडताय?"

"पक्षी एखादं रोप लावतील. ओळीने, पाण्याच्या वाटेवर नाही. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटात पचत नाही, दादासाहेब. सकाळी जसंच्या तसं बाहेर पडतं. मैल्याच्या पाण्याबरोबर जिथे पोचतं तिथे उगवतं. तुमच्या पाहुण्यांनी खाल्लेली कोशिंबीर त्या घळीत उगवलीय."

गवराबाईने तोंडाला पदर लावला.

"तुमची टाकी भरली की टँकर बोलवायच्या ऐवजी तुम्ही पाइपाने घळीत सोडत होता. वर झुडपं टाकून. पाणी मुरमातून खाली उतरतं, चिकणमातीवर अडतं. मग वरचा कडा साबणावर ठेवलेल्या पाटासारखा होतो. पाऊस लागत नाही, लाट लागत नाही. फक्त वेळ लागतो."

"मोटार हिची चालू होती!" दादासाहेबांनी गवराबाईकडे बोट केलं. "रात्रभर! तिच्या पोरानेच बघितलंय!"

"त्याने बघितलं, आणि तुम्ही त्याला अर्थ सांगितलात." स्वरूपा गोरक्षकडे वळली. "गोऱ्या, त्या पहाटे यांनीच फोन केला ना?"

गोरक्षचा चेहरा हलला. मग म्हणाला, "म्हनले, कडा पडलाय, राडा बाजूला कर, त्यातला पाइप काढून खाणीत टाक. मी उकरलं. खंडूची चप्पल वर आली तवा हात थांबले माझे. मग हे म्हनले, तुझ्या आईच्या पान्यानं माझा मानूस मारला. म्हातारी जेलात जाईल. तू मुरूम चोरत होतो म्हन, दंड भरून सुटशील." त्याने मान खाली घातली. "मोटार चालू व्हती, ताई. मी सोत्ता बंद केली."

"ते पाणी शेजारच्या घासात गेलं. चल, दाखवते, म्हशीसुद्धा साक्ष देतील."

"सगळ्या कल्पना आहेत," दादासाहेब म्हणाले. अंगठ्या मात्र एकमेकींवर वाजत होत्या. "कुठाय तो पाइप?"

"इथेच तुम्ही चुकलात. चालू स्थितीतला चार इंची पाइप शेतकऱ्याला टाकून द्यायला सांगितलात. तो टाकून देईलही, पण त्याची आई?"

गणराजने हवालदाराला खूण केली. त्याने गवराबाईच्या अंगणातली पन्हाळ आणून ठेवली. आत काळपट थर, शेळ्यांना कळलेला आणि माणसांना न कळलेला. पाइपाचं एक तोंड वेडंवाकडं तुटलेलं होतं. हवालदाराने टाकीशेजारची ताजी माती खणली, तेव्हा जमिनीतून पाइपाचं उरलेलं टोक वर आलं. दोन्ही तुटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. फुटक्या बांगडीचे तुकडे जुळावेत तशा जुळल्या.

दादासाहेब खुर्चीत मागे टेकले. "बरं. पाणी सोडलं. सगळेच सोडतात. कडा कधी पडेल हे काय कुणाला माहीत असतं?"

"जनरेटरला माहीत होतं," स्वरूपा म्हणाली.

दादासाहेबांची नजर रिकाम्या चौथऱ्याकडे गेली.

"आवाजासाठी हलवला म्हणालात, आणि ठेवलात पाहुण्यांच्या उशाशी. भेगा दोनदा भरल्यात, वरून रंग दिलात. कडा सरकतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. खंडूच्या खोलीचं दार अडकत होतं, कारण खोली वाकत होती. तुम्ही मशीन मागे घेतलंत, आणि माणसाचं दार रंधून दिलंत."

गणराज दादासाहेबांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. "उठा," तो म्हणाला. यावेळी त्याने 'साहेब' म्हटलं नाही.

६

पंधरवड्याने स्वरूपा पुन्हा कोंढारवाडीत आली, ती वाळ्याचे ठोंब घेऊन. वरचं पाणी कड्यापासून मागे वळवायचं, घळीत दगडांचे छोटे बांध, पायथ्याला दगड, माथ्याला करंज आणि वाळा. असल्या कामाला नारळ फोडायला कुणी पुढारी येत नाही, पण कडा थांबतो.

गवराबाई घळीत उतरून टोमॅटोची रोपं उपटायला निघाली होती. "बघवत न्हाई गं! वरीसभर खाल्ली मी ही!"

"फळं काढून पुरून टाक, रोपं राहू दे. वाळा धरेपर्यंत तीच माती धरून आहेत."

"चटनीचं आटवलं की पोटात ढवळतंय."

"मला विचार," स्वरूपा म्हणाली.

वर गोरक्ष स्टार्टरच्या पेटीशी बसून आटोचा खटका सोडवत होता. गवराबाई चढून वर आली, दम खात त्याच्याजवळ उभी राहिली. इतके दिवस जे पोटात होतं ते तिने एकदाचं काढलं.

"का रं, तुला वाटलं व्हय, मी मानूस मारला?"

गोरक्षने स्क्रू तोंडात धरला होता, तो हातात घेतला. "अन् तुला? तुला न्हाई वाटलं मी मारला म्हनून?"

गवराबाईने घळीपलीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. खंडू तिथून शीळ घालायचा आणि शेळ्या तिला सोडून त्याच्याकडे पळायच्या. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आज लाईट रातीची हाय," ती म्हणाली. "मोटार चालू करायला मी उठीन. तू झोप. लई जागलास."

"तू एकटी नको. दोघं उठू."

"बरं. आता शेळ्यास्नी पानी दाव. बादलीत."